पार्किंगची चिठ्ठी, कोर्टाचा हुकूमनामा आणि अपंग वाहनचालक

रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांचे एक घर आज इंग्लंडमध्ये आहे. तिकडे कुणी टॅक्सी चालवतो, कुणी दुकान सांभाळतो, कुणी हातातल्या हुनरावर पोट भरतो. या मंडळींना एका लहानशा कागदाचा त्रास वारंवार होतो. सुपरमार्केटच्या किंवा दुकान-संकुलाच्या आवारात गाडी उभी केली, ठरलेल्या वेळेपेक्षा थोडी जास्त राहिली, की आठ-दहा दिवसांनी खासगी पार्किंग कंपनीची चिठ्ठी घरी येते. रक्कम बहुधा शंभर पौंडांपर्यंत. पुष्कळ लोक ती टोपलीत टाकतात. पुढे काही महिन्यांनी व्हॅन घ्यायला किंवा गाळ्याचा करार करायला जावे तेव्हा कळते की आपल्या नावावर कोर्टाचा हुकूमनामा बसला आहे आणि तो सहा वर्षे नोंदवहीत राहणार आहे. व्यापाऱ्याची पत म्हणजे त्याचे निम्मे भांडवल. मूळ तक्रार शंभर पौंडांची असली तरी नुकसान कित्येक पटींनी होते.

ज्याला पोलिओ झालेला आहे, ज्याचे गुडघे गेले आहेत, जो व्हीलचेअरवर आहे किंवा ज्याला छातीच्या विकारामुळे दर पन्नास पावलांवर थांबावे लागते, अशा माणसावर हा प्रकार जास्त ओढवतो, कारण त्याला वेळ जास्त लागतो. गंमत अशी की याच माणसाच्या बाजूने इंग्लंडचा कायदा सर्वांत भक्कम आहे. मात्र तो कायदा आपणहून कुणी लावत नाही. वेळेत आणि लेखी मागावा लागतो.

प्रथम कागद कुणाचा ते पाहा

इंग्लंडमध्ये नगरपालिकेची चिठ्ठी वेगळी आणि खासगी कंपनीची वेगळी. दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरे सारखीच असल्याने लोक फसतात. नगरपालिकेची 'पेनल्टी चार्ज नोटीस' हा कायद्याने दिलेला दंड आहे आणि त्याविरुद्धची वाट निराळी आहे. खासगी कंपनीची 'पार्किंग चार्ज नोटीस' हा दंड नव्हेच. आवारात लावलेली पाटी वाचून तुम्ही गाडी उभी केलीत म्हणजे करार केलात, तो मोडलात, म्हणून इतके पैसे द्या, असे ते मागणे आहे. फौजदारी गुन्ह्याचा येथे काही संबंध नाही. वसुली एजंटांची लाल अक्षरांतली पत्रे येतात तीही केवळ पत्रेच. कोर्टाचा निकाल झाल्याशिवाय कुणी बेलिफ दारात येऊ शकत नाही.

'असल्या चिठ्ठ्या फाडून टाका' हा सल्ला तिकडे अजूनही दिला जातो. तो जुन्या काळातला आहे. १ ऑक्टोबर २०१२ पासून 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स' कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत गाडीला चाकबंद करण्यास मनाई झाली. त्याच वेळी कंपन्यांना एक अधिकार मिळाला. पूर्वी गाडी कोण चालवत होते हे सिद्ध केल्याशिवाय मागणी चालत नसे, आता काही अटी पाळल्या तर गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडूनही वसुली करता येते. ('मालक' म्हणजे येथे डीव्हीएलए या वाहन नोंदणी कार्यालयात ज्याचे नाव आहे तो. भाड्याच्या टॅक्सीबाबत नोटीस आधी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे जाते आणि ती तुमचे नाव कळवते.) त्या अटी तपासून पाहाव्यात. नंबरपाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्यावरून नोटीस काढली असेल तर ती घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत मालकाला मिळाली पाहिजे. काचेवर चिठ्ठी लावली असेल तर मालकाला नोटीस २८ व्या दिवसानंतर आणि ५६ व्या दिवसापर्यंत. ही मुदत चुकली तर मालकावरची जबाबदारी टिकत नाही. नोटिशीत लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम मालकाकडून या कायद्याखाली मागता येत नाही, म्हणून मागाहून चिकटवलेल्या सत्तर पौंडांच्या 'वसुली खर्चा'वर हरकत घेता येते.

खासगी मागणी कोर्टात टिकतच नाही, हाही समज सोडावा. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये बॅरी बीव्हिस नावाच्या गृहस्थांची गाडी दोन तासांच्या मर्यादेपेक्षा ५६ मिनिटे जास्त राहिली. ८५ पौंडांची मागणी झाली आणि ते लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सातपैकी सहा न्यायमूर्तींचे मत असे की जागा मोकळी राहावी हा कंपनीचा रास्त हेतू आहे, पाट्या मोठ्या आणि वाचता येण्याजोग्या होत्या, आणि रक्कम अवाजवी नाही. आज प्रत्येक पार्किंग कंपनीचा वकील हाच निकाल पुढे करतो. पण बीव्हिस यांच्या खटल्यात अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. धडधाकट माणसाने दोन तासांत खरेदी आटोपावी हे रास्त असेल. ज्याला गाडीतून उतरायलाच दहा मिनिटे लागतात त्याला तीच अट लावणे रास्त आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालात मिळत नाही. ते दुसऱ्या कायद्यात आहे.

ब्लू बॅज आणि समानता कायदा

अपंगांना तिकडे 'ब्लू बॅज' मिळतो. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. त्यामुळे वृद्ध आईला घेऊन जाणारा मुलगाही, आई सोबत असताना, तो वापरू शकतो. पण बॅज काचेवर ठेवला की खासगी जागेत सर्व माफ, असे नाही. ब्लू बॅजच्या सवलती मुख्यतः सार्वजनिक रस्त्यांसाठी आहेत. खासगी आवारात त्याचा उपयोग पुरावा म्हणून होतो, आणि तो उपयोग मोठा आहे.

खरा आधार २०१० चा 'इक्वॅलिटी ॲक्ट' म्हणजे समानता कायदा. जनतेला सेवा देणाऱ्या प्रत्येकाने अपंगांसाठी वाजवी फेरबदल केले पाहिजेत, असे तो सांगतो. पार्किंग कंपनी सेवा देते, दुकानही देते. अपंग ग्राहक येणार हे धरूनच व्यवस्था आधी करून ठेवायची असते, 'आम्हाला माहीत नव्हते' हे उत्तर पुरेसे नाही. अपंगत्वामुळे जे घडले त्याबद्दल एखाद्याला तोट्याची वागणूक देणे हाही भेदभाव ठरतो, जर कंपनीला आपल्या वागण्याचे रास्त समर्थन देता आले नाही तर. शिवाय याच कायद्याच्या १४२ व्या कलमाप्रमाणे करारातली एखादी अट अशा भेदभावाला कारण होत असेल तर तेवढ्यापुरती ती अंमलात आणता येत नाही. पार्किंग कंपनीचा सगळा दावा कराराच्या अटीवरच उभा असल्याने हे कलम महत्त्वाचे.

अपंग कोण, याची व्याख्या रुंद आहे. ज्या शारीरिक वा मानसिक विकाराचा रोजच्या कामांवर लक्षणीय परिणाम होतो आणि जो बारा महिने टिकला आहे किंवा टिकण्याचा संभव आहे, तो विकार. ब्लू बॅज नसेल तरीही माणूस कायद्याने अपंग असू शकतो. आपल्या लोकांना 'मी अपंग' असे कागदावर लिहायला संकोच वाटतो. संधिवात, मधुमेहाने गेलेले पाय, हृदयविकार हे सांगायला लाज कसली? कोर्टापुढे न सांगितलेली गोष्ट कोर्टाला ठाऊक नसते.

समजा, एका कारागिराचा एक पाय पोलिओने अधू आहे. दोन तासांची मर्यादा असलेल्या आवारात त्याची गाडी दोन तास चाळीस मिनिटे राहिली. त्याने केवळ 'मी अपंग आहे, माफ करा' असे लिहिले तर ते दयेचे पत्र झाले. त्याने असे लिहावे: माझा विकार हा, त्यामुळे गाडीपासून दुकानापर्यंत जायला-यायला, रांगेत उभे राहायला आणि सामान चढवायला मला इतका जास्त वेळ लागतो, माझ्यासारख्याला जास्त वेळ देण्याची सोय तुमच्या पाटीवर कुठेही नव्हती, पुरावा पाहून मागणी रद्द करणे हा तुम्हाला सहज करता येण्याजोगा वाजवी फेरबदल आहे, तो करावा. सोबत बॅजच्या दोन्ही बाजूंची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, त्या दिवसाच्या खरेदीच्या पावत्या आणि जमल्यास पाट्यांचे फोटो. विकार आणि जास्त लागलेला वेळ यांचा दुवा जुळवणे हेच या पत्राचे काम. चाळीस मिनिटे मित्राशी गप्पांत गेली असतील तर अपंगत्वाचे कारण पुढे करू नये. ते खोटे ठरेल आणि खऱ्या गरजूंचे नुकसान करील.

पहिले पत्र दुकानाला

हे पत्र दोन ठिकाणी पाठवावे. एक प्रत पार्किंग कंपनीला, अपील म्हणून, साधारण २८ दिवसांच्या मुदतीत. दुसरी प्रत ज्या दुकानाचे गिऱ्हाईक म्हणून आपण गेलो त्याच्या व्यवस्थापकाला. ही दुसरी प्रत बहुतेक लोक पाठवत नाहीत आणि नेमकी तीच अनेकदा काम करते. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते, पार्किंग कंपनीला रक्कम. दुकानाने किंवा जागेच्या मालकाने शब्द टाकला तर चिठ्ठी रद्द होऊ शकते.

कंपनीने अपील फेटाळले तर स्वतंत्र अपिलाची सोय विनामूल्य आहे. कंपनी ज्या व्यापारी संघटनेची सभासद असेल त्याप्रमाणे 'पॉपला' किंवा 'आयएएस' यांच्याकडे जायचे. तेथे मुख्यतः पाटी, वेळ आणि नोटीस नियमाप्रमाणे होती का, एवढेच पाहिले जाते. समानता कायद्याचा पुरता विचार तेथे होईल अशी अपेक्षा ठेवू नये. वेळ संपल्यावर निदान दहा मिनिटांची सूट द्यावी असे दोन्ही संघटनांच्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या संयुक्त संहितेत आहे, तेव्हा पाच-सात मिनिटांवरून चिठ्ठी आली असेल तर तेवढा मुद्दासुद्धा पुरतो. येथे हरलात तरी कोर्टात लढण्याचा तुमचा हक्क जात नाही.

कोर्टाचा कागद आला तर

कंपनीला दावा लावण्यासाठी सहा वर्षे असतात, म्हणून 'आता काही येत नाही' असे समजून निर्धास्त होऊ नये. आधी दाव्यापूर्वीचे पत्र येते. त्याला उत्तर देण्यास तीस दिवस मिळतात. त्यातही अपंगत्वाचा मुद्दा पुन्हा लिहावा. नंतर खुद्द काउंटी कोर्टाचा दावा टपालाने येतो. मूळ शंभर, वर वसुली खर्च, कोर्ट फी, वकिलाची ठरलेली रक्कम आणि व्याज मिळून मागणी अडीचशे पौंडांच्या आसपास गेलेली असते.

येथे मुदत हेच सर्वस्व आहे. दावा निघाल्यावर पाचव्या दिवशी तो तुम्हाला बजावला गेला असे धरतात. तेथून चौदा दिवसांत उत्तर द्यायचे. दावा मिळाल्याची पोच याच चौदा दिवसांत दिली तर कैफियत दाखल करायला एकूण अट्ठावीस दिवस मिळतात. पोच द्या, आणि त्या कागदावर कैफियतीचा मजकूर घाईने खरडू नका. कैफियतीत तीन गोष्टी याव्यात: नोटीस आणि पाटी यांतील दोष, समानता कायद्याची बाजू, आणि वाढवलेल्या रकमेवरची हरकत. आपणहून उलटा दावाही लावता येतो, पण त्याला फी पडते, आणि भेदभावाच्या दाव्याला घटनेपासून सहा महिन्यांत एक दिवस कमी एवढीच मुदत आहे. जाणकाराला विचारल्याशिवाय त्या वाटेने जाऊ नये. बचाव म्हणून तोच मुद्दा मांडण्यासाठी मात्र वेगळी फी लागत नाही. विचारायला सिटिझन्स ॲडव्हाइसची कार्यालये आहेत, आणि भेदभावाच्या प्रश्नांसाठी 'इक्वॅलिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस' ही विनामूल्य सेवा आहे.

२२ मे २०२४ पासून लावलेल्या अशा लहान पैशांच्या दाव्यांत आधी फोनवर तासाभराची मध्यस्थी सक्तीची झाली आहे. फोन घ्यावा, पण तडजोड करायलाच हवी असे नाही. पुढची सुनावणी तुमच्या जवळच्या कोर्टात होते. कंपनीला सुनावणीची फी भरावी लागते आणि काही दावे त्याच टप्प्यावर मागे घेतले जातात. जिना चढता येत नसेल, फार वेळ बसता येत नसेल तर कोर्टाला आधी कळवून तळमजल्यावरची खोली, मध्ये विश्रांती किंवा फोनवर सुनावणी मागता येते. या लहान दाव्यांत हरणाऱ्यावर समोरच्याच्या वकिलाचा मोठा खर्च सहसा पडत नाही. निकालाची रक्कम एका महिन्याच्या आत भरली तर नोंदवहीत डाग राहत नाही. म्हणजे लढून हरणाऱ्याची पत शाबूत राहू शकते. जाते ती गप्प बसणाऱ्याची.

हुकूमनामा होऊन गेला असेल तर

आपल्याकडील कोर्टकचेऱ्यांशी संबंध आलेल्यांना 'एकतर्फी हुकूमनामा' हा शब्द परका नाही. प्रतिवादी हजर झाला नाही, वादीच्या बाजूने निकाल झाला. आपल्या दिवाणी कायद्यात तो रद्द करून घेण्यास तीस दिवसांची मुदत आहे. इंग्लंडमध्ये उत्तरच न दिल्याने झालेल्या निकालाला दिवसांची अशी रेघ नाही, पण 'तत्परतेने' अर्ज केला पाहिजे, आणि न्यायाधीश हा शब्द मनावर घेतात. निकाल कळल्यावर दोन महिने विचारात घालवणाऱ्याला उत्तर देणे अवघड जाते.

आधी निकालाची तारीख पाहावी. महिना झाला नसेल तर पूर्ण रक्कम भरून नोंद काढून टाकणे ही एक वाट आहे. अन्याय गिळावा लागतो, पण ज्याचा व्हॅनचा किंवा गाळ्याचा व्यवहार तोंडावर आला आहे त्याने हा हिशेब जरूर करावा. महिन्यानंतर पैसे भरले तर नोंद 'फेड झाली' अशा शेऱ्यासह सहा वर्षे राहतेच.

दुसरी वाट म्हणजे निकाल रद्द करण्याचा अर्ज, एन-२४४ या नमुन्यावर. त्याची फी तीनशे पौंडांहून अधिक आहे. उत्पन्न कमी असेल किंवा काही सरकारी मदत मिळत असेल तर फी-सवलतीचा अर्ज सोबत करावा. अपंग माणसांपैकी अनेकांना ती सवलत लागू होते आणि पुष्कळांना तिचा पत्ताच नसतो. अर्जासोबत स्वतःचे सही केलेले निवेदन, पुरावे आणि आपल्याला हवा असलेल्या आदेशाचा मसुदा जोडावा. निवेदनात प्रश्न तीन. निकाल कधी कळला आणि लगेच काय केले? दाव्याला उत्तर का दिले नाही? आणि खटला पुन्हा उभा राहिला तर जिंकण्याची खरीखुरी शक्यता आहे का? तिसऱ्या प्रश्नाला वर सांगितलेला समानता कायद्याचा मुद्दा हेच उत्तर, पुराव्यासह. दुसऱ्या प्रश्नाला बहुधा दोनांपैकी एक उत्तर असते: रुग्णालयात होतो, किंवा कागद जुन्या पत्त्यावर गेले. रुग्णालयाचे कागद जोडा. पत्त्याच्या बाबतीत भाडेकरार, वीजबिल, नगरपालिकेच्या कराची पावती. कंपनीला तुम्ही तेथे राहत नाही असे मानण्यास कारण असेल, पत्रे परत गेली असतील, तर नवा पत्ता शोधण्याचे प्रयत्न तिने करायला हवे होते, हा मुद्दा मांडता येतो. कंपनी संमती देत असेल तर अर्जाची फी बरीच कमी पडते. म्हणून आधी तिला पत्र लिहून विचारावे, पण उत्तराची वाट पाहत आठवडे घालवू नयेत.

निकाल सुनावणीनंतर झाला असेल आणि तुम्ही गैरहजर असाल तर नियम वेगळा: निकाल मिळाल्यापासून चौदा दिवस, आणि गैरहजेरीचे सबळ कारण. हजर राहून हरला असाल तर एकवीस दिवसांत अपिलाची परवानगी मागायची, आणि तीही कायद्याची चूक दाखवून.

निकाल रद्द झाला म्हणजे खटला जिंकला असे नव्हे. नोंद निघते आणि कैफियत देण्याची संधी परत मिळते. पुढे लढावेच लागते.

घर बदलल्यावर वाहन परवान्यावरचा पत्ता बदलला की गाडीचाही बदलला असे अनेकजण समजतात. ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. पार्किंग कंपनी अडीच पौंड भरून डीव्हीएलएकडून गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता घेते, आणि कोर्टाचे समन्सही बहुधा त्याच पत्त्यावर जाते. एकतर्फी निकालांचे मूळ पुष्कळदा येथे असते.

ज्या बांधवांचे तिकडे स्वतःचे दुकान आणि पुढे चार-सहा गाड्यांची जागा आहे, त्यांनी हाच कायदा दुसऱ्या बाजूने वाचावा. जागेची देखरेख पार्किंग कंपनीला दिली तरी तुमची जबाबदारी संपत नाही. तुमच्या वतीने काम करणाऱ्याच्या भेदभावाबद्दल तुम्हीही दाव्यात ओढले जाऊ शकता. कंपनीशी करार करताना अपंगांना जास्त वेळ, पाटीवर तसा स्पष्ट मजकूर, मदतीसाठी फोन नंबर, आणि कोणतीही चिठ्ठी रद्द करण्याचा दुकानदाराचा अधिकार एवढी कलमे लिहून घ्यावीत. छापील करारात ती बहुधा सापडणार नाहीत. सही करण्यापूर्वी मागावी लागतील.